५.२ गिगाहर्ट्झ जानेवारीत चालतं, मे महिन्यात का कोसळतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "काका, माझ्याकडे आय-५ १२६००के प्रोसेसर आहे, झेड ६९० मदरबोर्ड, दोन पंख्यांचा टॉवर कूलर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आणि ६०० व्हीएचा यूपीएस. मशीन सोलापूरच्या एमआयडीसीत, पप्पांच्या टॉवेल कारखान्यातल्या डिझाइनच्या खोलीत असतं. दिवसा जॅकार्डची (विणलेल्या नक्षीची) डिझाइनं आणि कॅटलॉगसाठी थ्रीडी रेंडर (मॉडेलवरून चित्र बनवणं), रात्री गेम. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुट्टीत मी प्रोसेसरचे सगळे मोठे कोर ५.२ गिगाहर्ट्झला लावले, १.३५ व्होल्टवर. तीन महिने मस्त चाललं. एप्रिलपासून रेंडर अर्ध्यात आला की निळा स्क्रीन येतो, कधी कधी नुसतंच रीस्टार्ट होतं. व्हिडिओत लोक ५.५ लावून दाखवतात. माझी चिप खराब झाली का? आणि ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे कंपनीच्या आकड्यापेक्षा जोरात चालवण्याची, नेमकी मर्यादा किती असते?"

चिप बहुतेक ठणठणीत आहे. चुकली ती मोजायची वेळ. मर्यादा तू जानेवारीत मोजलीस आणि तीच वर्षभर पुरेल असं धरून चाललास. मीही एकदा हेच केलं होतं, तेही गिऱ्हाइकाच्या मशीनवर, त्यामुळे तुला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. तो किस्सा पुढे सांगतो.

आधी मर्यादा म्हणजे काय ते बघू. पप्पांच्या शेडमध्ये जुने शटलचे माग अजून असतील तर पाच मिनिटं त्यांच्यासमोर उभा राहा. ताण्याचे धागे वर-खाली होतात, मधे फट पडते, त्या फटीतून धोटा या टोकाहून त्या टोकाला जातो, फट मिटते, फणी बाण्याचा धागा ठोकून बसवते. मोटरची पुली बदलली की माग जोरात पळतो, हे कुणालाही जमतं. पण धोटा पलीकडे पोचायच्या आत फट मिटली तर तो ताण्यातच अडकतो आणि एका झटक्यात ढीगभर धागे तुटतात. मग जॉबर (माग दुरुस्त करणारा) शिव्या देत दिवसभर गाठी मारत बसतो. मागाचा वेग किती वाढवायचा हे मोटरच्या नाही, धोट्याच्या हातात असतं.

प्रोसेसरमध्ये प्रत्येक ठोक्याला हेच चाललेलं असतं. ५ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ५ अब्ज ठोके, म्हणजे दोन ठोक्यांमध्ये ०.२ नॅनोसेकंद. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा मोकळ्या जागेत जेमतेम ६ सेंटिमीटर जातो, काडेपेटीच्या लांबीपेक्षा जरासा जास्त. तेवढ्यात सिग्नलने एकामागे एक ट्रान्झिस्टर ओलांडून पलीकडे पोचायचं आणि स्थिर व्हायचं. पोचला नाही तर पुढचा ठोका अर्धवट उत्तर उचलतो. तुटलेला धागा निदान दिसतो. इथे चुकीचा आकडा गुपचूप पुढे जातो.

असे मार्ग चिपमध्ये असंख्य असतात, आणि सगळ्यात लांबचा, सगळ्यात सुस्त मार्ग मर्यादा ठरवतो. गेम तो मार्ग क्वचित वापरतो, रेंडर सारखा वापरतो. म्हणून "गेम चार तास चालतो की!" हा पुरावा मी मानत नाही.

सिग्नल लवकर पोचवायचा एक उपाय आहे: व्होल्टेज वाढवणं. ट्रान्झिस्टर जोरात उघडमीट करतात आणि आणखी शंभर-दोनशे मेगाहर्ट्झ मिळतात. पण त्याची किंमत सरळ हिशोबाने वाढत नाही. चिप जी वीज खाते ती वारंवारतेच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तुझ्याच आकड्यांवर करून बघू. तुझ्या मशीनवर सगळे कोर कामाला लागल्यावर मूळ सेटिंगमध्ये ४.५ गिगाहर्ट्झ, साधारण १.१५ व्होल्ट आणि १२५ वॅट असं धर. (नेमके आकडे चिपगणिक बदलतात, पण हिशोबाची चाल तीच.) तिथून तू ५.२ आणि १.३५ वर गेलास. वेग वाढला साडेपंधरा टक्के. वीज? १.१५६ गुणिले १.१७४ चा वर्ग, म्हणजे जवळपास १.५९ पट. १२५ चे २०० वॅट झाले. साडेपंधरा टक्के वेगासाठी साठ टक्के जास्त उष्णता, आणि तीसुद्धा नखाएवढ्या जागेतून बाहेर काढायची.

आता मधला थांबा बघ. ४.९ गिगाहर्ट्झ, १.२२ व्होल्ट. वेग नऊ टक्के जास्त, वीज साधारण २२ टक्के जास्त, म्हणजे १५३ वॅट. पहिले नऊ टक्के स्वस्तात मिळाले. पुढच्या सहा-सात टक्क्यांसाठी आणखी ४७ वॅट मोजावे लागले. ओव्हरक्लॉकिंगच्या जवळजवळ प्रत्येक मशीनवर ही रेघ अशीच असते: आधी सपाट, मग अचानक कडा. तू त्या कड्यावर तंबू ठोकलास.

आता जानेवारी आणि मे. कूलर चिपला "इतके अंश" थंड करत नाही. खोलीच्या हवेपेक्षा चिप किती वर राहील, एवढंच तो ठरवतो. २०० वॅटवर तुझा कूलर तिला खोलीच्या ६० अंश वर ठेवत असेल, तर जानेवारीत २४ अंशाच्या खोलीत चिप ८४ वर. झकास. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे बाहेर ४२-४३, पत्र्याच्या शेडला लागून असलेल्या खोलीत पंखा लावूनही ३९ म्हणजे काही विशेष नाही. ३९ अधिक ६०, झाले ९९. तुझ्या चिपची कमाल १००. कूलर तोच, चिप आणि कूलरमधली पेस्ट तीच, सेटिंग तेच. फक्त सोलापूर बदललं.

तू म्हणशील, १०० ला गेली तर चिप स्वतःच वेग कमी करते ना, मग कोसळते कशाला? करते, आणि म्हणूनच ती जळत नाही. पण अडचण त्याच्या आधीच सुरू होते. तापलेल्या चिपमधल्या तारांचा रोध वाढतो, ट्रान्झिस्टर सुस्त होतात, आणि बंद असलेल्या ट्रान्झिस्टरमधूनही जास्त वीज गळू लागते. गळती वाढली की उष्णता वाढते, उष्णता वाढली की गळती वाढते. वर बोर्डाकडून येणारा करंट वाढल्यामुळे चिपपर्यंत पोचणारं व्होल्टेज आणखी थोडं खाली बसतं. म्हणजे ८४ अंशाला ५.२ साठी जे १.३५ व्होल्ट कसेबसे पुरत होते, ते ९५ ला पुरत नाहीत. धोटा सुस्तावला आणि फट मात्र त्याच वेगाने मिटतेय.

माझा किस्सा. २०१५च्या डिसेंबरात लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या एकाला मी आय-७ ६७००के चं मशीन बांधून दिलं. कंपनीने चिपवर ४.० लिहिलेलं, टर्बो ४.२ चा, मी ४.७ वर लावलं. दुकानात रात्रभर टेस्ट चालवली, एकही चूक नाही. छाती फुगवून दिलं. एप्रिलअखेर तो परत आला. मशीन बंद पडत नव्हतं, पण तयार झालेल्या व्हिडिओत मधेच हिरवे चौकोन येत होते, आणि असा एक पेनड्राइव्ह नवरीच्या घरी पोचलाही होता. मी आधी रॅमला दोष दिला आणि रॅम बदलली. मग विंडोज नव्याने टाकलं. मग त्याच्या सॉफ्टवेअरला नावं ठेवली. आठवडा गेला. शेवटी एका दुपारी लाइट गेली होती, दुकानाचा एसी बंद, इन्व्हर्टरवर पंखा कसाबसा फिरत होता, आणि माझ्याच टेबलावर ते मशीन सात मिनिटांत चुका द्यायला लागलं. डिसेंबरच्या रात्री एसीत घेतलेली माझी टेस्ट म्हणजे पोहायची परीक्षा कोरड्या विहिरीत घेण्यातला प्रकार होता. मी ते ४.४ वर आणलं आणि कामाचे पैसे परत केले. पुढे ते मशीन वर्षानुवर्षं चाललं.

तेव्हापासून मी ओव्हरक्लॉकची टेस्ट उन्हाळ्यात, दुपारी, एसी बंद ठेवून घेतो. हिवाळ्यात करावी लागली तर खोलीचं तापमान मोजतो आणि चिपच्या आकड्यात १५ मिळवून बघतो. ती बेरीज ९० च्या वर गेली की मी व्होल्टेज उतरवतो, गिऱ्हाईक कितीही हट्ट करो.

व्हिडिओतले ५.५ कुठून येतात? काही खोटे नसतात. थंड देशात, उघड्या बेंचवर, निवडून घेतलेल्या चिपवर, दहा मिनिटांच्या टेस्टपुरते ते खरे असतात. एकाच मॉडेलच्या दोन चिपा सारख्या नसतात, एकीला ५.१ साठी १.२६ व्होल्ट पुरतात, दुसरी १.३४ मागते. आणि विक्रमांचं तर बोलूच नको. २०२२ मध्ये १३९००के चिपने ९ गिगाहर्ट्झ ओलांडले, पण असले विक्रम द्रवरूप नायट्रोजन किंवा हेलियम ओतून होतात. नायट्रोजन उणे १९६ अंशाचा. आपल्याकडे तो गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कॅनमध्ये मिळतो, तिथेच राहू दे.

जुन्या लोकांकडून तू ऐकलं असशील की पूर्वी पन्नास टक्के वेग फुकट मिळायचा. ते खरंच होतं. १९९८ ला आलेला सेलेरॉन ३००ए हा माझा पहिला. बस, म्हणजे चिप आणि बोर्डामधल्या वाटेचा वेग, ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर केली की ३०० चा ४५० व्हायचा, आणि बहुतेक चिपा तक्रारही करायच्या नाहीत. नव्या पेठेत आम्ही चार-पाच जण एकमेकांच्या दुकानात जाऊन जंपर बदलत बसायचो. नंतर २.४ चा क्यू६६०० सहज ३ ला जायचा. २०११ चा आय-५ २५००के म्हणजे ३.३ चा, ४.५ वर लावलेले दोन अजून माझ्याकडे सर्व्हिसला येतात.

मग ती चंगळ संपली कशी? ती कंपन्यांनीच खाल्ली. त्या काळी कंपनी चिपवर सुरक्षित आकडा लिहायची आणि वरची शिल्लक आपल्याला मिळायची. आता चिप दर क्षणी स्वतःचं तापमान, करंट आणि व्होल्टेज बघते आणि जितकं जमेल तितकं स्वतःच वर जाते. तुझ्या १२६००के च्या खोक्यावरचा ४.९ हा टर्बो म्हणजे कारखान्यातून आलेला ओव्हरक्लॉकच समज. मागे उरतात दोन-पाच टक्के, आणि तेही कड्यावरचे.

मूळ कारण त्याहून जुनं आहे. ट्रान्झिस्टर लहान होत गेले तसं व्होल्टेजही खाली येत गेलं, म्हणून वेग वाढूनही उष्णता आवाक्यात राहिली. २००५ च्या सुमारास ही सोय जवळपास संपली, कारण व्होल्टेज आणखी खाली नेलं की गळती सुटायला लागली. पेंटियम ४ हा २००४ मध्ये ३.८ वर अडकला, आणि ४ गिगाहर्ट्झची जाहीर झालेली चिप इंटेलने त्याच वर्षी रद्द केली. तेव्हापासून एका कोरला पळवण्यापेक्षा कोर वाढवण्याकडे सगळे वळले. वीस वर्षांत ३.८ चे ६ झाले. आधीच्या दहा वर्षांत शंभर-दीडशे मेगाहर्ट्झचे ३८०० झाले होते. यावरून काय ते समज.

"चिप खराब झाली का" याचं पूर्ण उत्तर अजून द्यायचंय. तीन महिन्यांत, १.३५ ला, बहुतेक नाही. पण जास्त व्होल्टेज आणि जास्त उष्णता एकत्र आली की चिप झिजते, हे खरं आहे. आतल्या धातूच्या तारा इतक्या बारीक असतात की वाहणारे इलेक्ट्रॉन अणूंना हळूहळू ढकलून नेतात: एकीकडे खळगा, दुसरीकडे ढीग. या झिजेचं गणित जेम्स ब्लॅक यांनी १९६९ मध्ये मांडलं होतं, आणि त्यात तापमानाचा परिणाम चक्रवाढ व्याजासारखा वाढतो. खूण एकच: काल जो वेग १.३० ला स्थिर होता, त्याला आज १.३३ लागतात. लोक व्होल्टेज वाढवतात, झीज आणखी वेगाने होते. उदाहरण ताजं आहे. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप चिपा अस्थिर होऊ लागल्या. चिप स्वतःच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होती, असं कंपनीने सांगितलं, त्यावर नवा मायक्रोकोड, म्हणजे चिपच्या आतलं सॉफ्टवेअर, आणला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तुझी १२वी पिढी त्यात नाही. पण ज्यांनी काहीही ओव्हरक्लॉक केलं नव्हतं त्यांच्याही चिपा झिजल्या, हे ध्यानात ठेव. आणि तू स्वतः हाताने वाढवलेलं व्होल्टेज वॉरंटीत बसत नाही, तिथे भांडायला जाऊ नकोस.

आता त्या "नुसतंच रीस्टार्ट" कडे येऊ, कारण तो आजार वेगळा वाटतोय. निळा स्क्रीन आला म्हणजे विंडोजला चूक कळली आणि तिने ती लिहून ठेवली. विंडोजमधलं इव्हेंट व्ह्यूअर उघड, डब्ल्यूएचईए-लॉगर नावाच्या नोंदी शोध. त्या असतील तर प्रोसेसर चुकतोय. मशीन न कोसळताही या नोंदी पडत असतील तर ते जास्त वाईट, कारण काम चुकीचं होतंय आणि तुला दिसत नाहीये. पण काहीच न लिहिता मशीन झटकन बंद होऊन चालू होत असेल, तर मी आधी विजेकडे बघतो.

६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. प्रोसेसर २०० वॅट, तुझं ग्राफिक्स कार्ड १७० वॅट, बोर्ड-रॅम-डिस्क-पंखे-मॉनिटर मिळून आणखी साठ-सत्तर. रेंडर आणि कार्ड एकाच वेळी तापले की बेरीज सव्वाचारशेच्या वर. लाइट असते तोवर तो यूपीएस कण्हत-कुंथत ओढतो. शेडमधले माग एकदम सुरू झाले, दिवे क्षणभर मिणमिणले, यूपीएस बॅटरीवर गेला की खेळ खलास. प्रोसेसरचा काहीही दोष नसताना ओव्हरक्लॉकची मर्यादा इथे तीन हजारांच्या डबड्याने ठरवली. अर्थिंगही एकदा बघून घे. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ओव्हरक्लॉक सोड आणि आधी वायरमनला बोलाव.

दुसरी शंका बोर्डाची. प्रोसेसरच्या भोवती जे व्हीआरएम असतात ते १२ व्होल्टचे सव्वा व्होल्ट करतात. २०० वॅट म्हणजे दीडशे अँपिअरच्या आसपास करंट, तो त्यांच्यातून जातो. नावात झेड ६९० असलं म्हणून सगळे बोर्ड सारखे नसतात. स्वस्तातल्या बोर्डावर हे भाग १०० च्या वर तापतात आणि मग बोर्ड स्वतःच प्रोसेसरचा गळा आवळतो. एचडब्ल्यू-इन्फो या प्रोग्रॅममध्ये व्हीआरएम किंवा एमओएस नावाचं तापमान दिसतं, रेंडर चालू असताना बघ. तुझा टॉवर कूलर आहे हे एका अर्थी बरं, त्याची थोडी हवा व्हीआरएमवरूनही जाते. लिक्विड कूलर बसवणारे ही हवा काढून घेतात आणि वर विचारतात, चिप थंड आहे तरी वेग का पडतो.

लिक्विड कूलर बसवू का, हा तुझा पुढचा प्रश्न असणार. आपल्या गावात नळाला पाणी दिवसाआड तर कधी चार-पाच दिवसांआड, त्यामुळे वॉटर कूलिंग म्हटलं की गिऱ्हाईक आधी हसतं आणि मग विचारतं, "रोज भरायला लागतं का?" नाही, तो सीलबंद असतो. पण तोसुद्धा शेवटी खोलीच्या हवेतच उष्णता सोडतो. रेडिएटर ३६० मिलिमीटरचा असला तर तुझे ६० अंश पन्नासच्या आत येतील; ३९ अंशाची खोली ३९ चीच राहील. रूम कूलरने मात्र खोली खरंच उतरते, आपली उन्हाळ्याची हवा कोरडी असल्यामुळे आठ-दहा अंश सहज. फक्त त्याचा झोत कॅबिनेटवर सोडू नकोस. बोअरच्या पाण्याचे तुषार वाळून बोर्डावर पांढरी पुटं चढलेली मी पाहिली आहेत. आणि पावसाळ्यात हा उपाय निकामी.

कारखान्यातल्या मशीनचा सगळ्यात मोठा शत्रू राहिलाच: सुताचं तूस. घरच्या मशीनमध्ये धूळ बसते. मागाच्या शेडजवळच्या मशीनमध्ये हीटसिंकच्या पात्यांवर अक्षरशः नमदा तयार होतो. मागच्या वर्षी अक्कलकोट रोडवरून आलेल्या एका मशीनच्या पंख्यामागून मी अख्खी गादी सोलून काढली, टॉवेलचाच तुकडा वाटावा अशी. तेवढ्यानेच चिप वीसेक अंशांनी उतरली. तुझं शेवटचं कधी साफ केलंस? जानेवारीनंतर नसेल, तर वरच्या माझ्या ३९ अधिक ६० मधले ६० आता ६८-७० झाले असतील. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेव, नाहीतर ती उलटी फिरून बेअरिंग जातं. दर महिन्याला, न चुकता.

एवढं सगळं करून मिळतं काय तेही बघ. मूळ ४.५ वर तासाभराचा रेंडर, सगळं काम प्रोसेसरवरच अवलंबून आहे असं धरलं तर ४.९ वर ५५ मिनिटांत होतो आणि ५.२ वर ५२ मिनिटांत. प्रत्यक्षात डिस्क आणि रॅमची वाट बघण्यात वेळ जातो, तो क्लॉक वाढवून कमी होत नाही, म्हणजे फरक याहूनही कमी. तासाला तीन मिनिटं वाचवायला तू २०० वॅट पेटवलेस, आणि ४० व्या मिनिटाला एक निळा स्क्रीन आला की दिवसभराची बचत गेली. विजेच्या बिलाचा मुद्दा मी काढत नाही. ४.९ आणि ५.२ मध्ये आठ तासांना अर्धा युनिटही फरक पडत नाही, त्यावरून पप्पांनी ओरडू नये. जॅकार्डच्या डिझाइनमध्ये तर ५.२ चा तुला फायदाच नाही. ती सॉफ्टवेअर एखाददुसरा कोर वापरतात, आणि तिथे चिप आपली आपण ४.९ ला जाते.

मी तुझ्या जागी असतो तर काय केलं असतं ते सांगतो. आधी सगळं डिफॉल्टला, साफसफाई, पेस्ट नवीन. मग एक्सएमपी (रॅमला तिच्या छापील वेगावर चालवणारं सेटिंग) चालू आहे का ते बघितलं असतं. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मशीनमध्ये ३२०० ची रॅम विकत घेऊन २१३३ किंवा २४०० वर चाललेली असते. लोक ओव्हरक्लॉकसाठी जीव टाकतात आणि हे साधं बटण दाबत नाहीत. एक्सएमपीसुद्धा नियमाने ओव्हरक्लॉकच आहे, म्हणून ते लावल्यावर रॅम तपासणारी मेमटेस्ट एकदा पूर्ण होऊ दे. मग मोठे कोर ४.९, छोटे कोर आहेत तसे, व्होल्टेज १.२२ पासून सुरू, अडॅप्टिव्ह, म्हणजे रिकाम्या वेळी ते आपोआप खाली येईल. लोड-लाइनचं सेटिंग (भार आल्यावर व्होल्टेज किती खाली बसू द्यायचं ते) मधलं. सगळ्यात वरचं लावू नकोस, त्याने भार उतरताना व्होल्टेज उसळतं. तापमानाची मर्यादा ९० आणि वीज १६० वॅटला बांधून टाक. तुझी चिप १.२२ ला टिकली नाही तर १.२४, १.२६. त्याच्या वर मागायला लागली तर ४.८ वर ये, त्यात कमीपणा नाही. यूपीएस मात्र हजार व्हीएचा घे, तो खर्च टाळू नकोस.

टेस्टबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. प्राइम९५ चं लहान एफएफटी (चिप सगळ्यात जास्त तापवणारी टेस्ट) रात्रभर चालवणारे मला कसरतपटू वाटतात. इतकी उष्णता तुझं कुठलंही काम काढणार नाही. सिनेबेंचच्या एका फेरीवर विसंबणं हे दुसरं टोक, त्याने काहीच सिद्ध होत नाही. मी ओसीसीटी नावाची टेस्ट तासभर चालवतो, आणि मग गिऱ्हाइकाचीच सगळ्यात जड फाइल दोनदा रेंडर करून दोन्ही निकाल ताडून बघतो. नंतर पुन्हा डब्ल्यूएचईए च्या नोंदी. एकही असली तर एक पायरी खाली. हे सगळं होईपर्यंत कामाच्या फाइलींची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेव. चुकीच्या क्लॉकवर सेव्ह झालेली फाइल उघडेल की नाही हे तुला नंतरच कळतं.

जमत नसेल तर मशीन दुकानात घेऊन ये. रविवारी ये, आणि दुपारी दोनच्या सुमाराला. संध्याकाळी आणलंस तर मला पुन्हा दुसऱ्या दिवशीच्या उन्हाची वाट बघायला लागेल. यूपीएसही सोबत आण.